कोयनेचे पाणी आणि संध्याकाळची वीज

प्रश्न : दिवसा सौरवीज आता मुबलक मिळते, असे वाचनात येते. मग कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवून समुद्राला का जाऊ द्यायचे? ते कृष्णा खोऱ्यातील शेतीला द्यायला नको का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, कारण घाटाखाली पोफळीच्या वीजगृहाकडे गेलेले पाणी वाशिष्ठी नदीतून खाडीला मिळते, कृष्णेत परत येत नाही. तरीही कोयनेच्या १,९६० मेगावॅटचे मोल वर्षाकाठी किती युनिट वीज झाली यापेक्षा ती कोणत्या घटकेला मिळाली यावर ठरते. विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो बिघडला की वीजवाहिन्यांच्या जाळ्याची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) वारंवारता ढळते. सौरवीज ओसरते नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, आणि थंड पडलेला कोळशाचा वीजनिर्मिती संच भार घेण्याजोगा व्हायला कित्येक तास जातात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत भार उचलतो.

भार उतरवणे, म्हणजे मागणी घटताच निर्मिती कमी करणे, हेही तितकेच नाजूक असते. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन चक्रे आहेत; नोझलमधून सुटलेली पाण्याची धार वाट्यांवर आदळून ती फिरतात. भार अचानक तुटला तर नोझलच्या तोंडाशी एक पाते आडवे येऊन पाण्याची धार चक्राच्या वाट्यांवरून बाजूला वळवते आणि नोझल मागाहून सावकाश मिटते. ते झटक्यात मिटले तर डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याचा तडाखा नळालाच बसेल. ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. त्यातला १७,००० मेगावॅटहून अधिक भार देशातील जलविद्युत केंद्रांनी उतरवला आणि दिवे लागताच बराचसा पुन्हा चढवला.

मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. म्हणूनच भर दुपारी, सौरवीज हाताशी असताना, हे पाणी खर्ची घालणे आम्हाला उधळपट्टी वाटते. धरणाच्या पायथ्याचे ४० मेगावॅटचे वीजगृह वीज करून पाणी पूर्वेला नदीतच सोडते, पण त्याची क्षमता तेवढीच. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प तेच पाणी वर चढवून पुन्हा वापरतो. अशी केंद्रे वाढली तर कोयनेवरचा संध्याकाळचा भार हलका होईल आणि आपल्या मागणीला वाव मिळेल. आज तो वाव फार थोडा आहे.