कावीळ झालेल्याचं उष्टं खाल्लं तर आपल्याला होते का?

कुठल्या व्हायरसची आहे त्यावर आहे. आमच्या इंदूरला पावसाळ्यात होते ती बहुतेक हिपॅटायटिस (म्हणजे लिव्हरला सूज) ए नाहीतर ई, खराब पाण्यातून किंवा संडासहून आल्यावर हात नीट न धुतल्यानं पसरते, म्हणून त्याचं ताट-पेला वेगळा ठेवाच. माझ्या भाच्याला झाली तेव्हा आधी नुसती मळमळ नि ताप, मग लघवी मोहरीच्या तेलासारखी पिवळीजर्द झाली तेव्हा कळलं, आणि बाहेर पाणीपताशे खाल्ले त्याला महिना होऊन गेला होता! बी आणि सी उष्ट्यानं होत नाही हो, ती रक्तातून, वापरलेल्या सुईतून जाते, बी आईकडून बाळालाही, म्हणून जन्मल्यावर 24 तासांत लस देतात. काविळीची माळ गळ्यात घालत बसू नका, रक्त तपासा. घरात कोणी गरोदर असेल तर ई फार धोक्याची, पाणी उकळूनच द्या तिला.