खाणीवरच्या नोकरीआधी

बाळा, अनेक आशीर्वाद.

आपल्या गोव्यात डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणीवर पर्यावरणाचं काम मिळतंय, घेऊ की नको, असं विचारलंयस. घे. फक्त 'खाण हवी की नको' या भांडणात पडू नकोस. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि २०१८ मध्ये ८८ लीज, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, रद्द होऊन पुन्हा सगळं ठप्प. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले रिकामे बसले. त्यांना लोभी म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. दारात हप्त्यावर घेतलेला ट्रक आणि परसात आटलेली विहीर आपल्याकडे एकाच घरात सापडते.

तुझं खरं काम पाण्याचं. आपल्या खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरतात, मग खंदकातलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी तळ गाठतात. शिवाय टनभर मालामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डंप, म्हणजे ढिगारे, जूनच्या पहिल्या सरींत व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतात. तो तांबडा गाळ शेतात बसला आणि वाळला की वर कडक पापुद्रा धरतो. त्यात भाताचा तरवा लावून बघ, म्हणजे नुकसानभरपाईचे आकडे किती पोकळ असतात ते कळेल.

आता खाणीचा पर्यावरण आघात अहवाल उघड, म्हणजे खाणीचा आजूबाजूवर काय परिणाम होईल ते सांगणारा. पाहणी बहुधा एकाच हंगामाची असते, तीही पावसाळा वगळून. नियमातच तशी मुभा आहे! गोव्यात सगळा घोळ पावसाळ्यात होतो आणि मोजमाप कोरड्या दिवसांत. म्हणून जुलैत स्वतः डंपाखाली जाऊन पाण्याचे नमुने घे आणि मे महिन्यात विहिरींची पातळी दोर टाकून मोज. साहेब कुरकुर करतील, करू देत.

पैशाबद्दल थोडंच सांगतो. २०१४ च्या त्या निकालात विक्रीतले दहा टक्के लोहखनिजाच्या कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं होतं. मला त्यातलं हेच सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. माल एकदाच विकता येतो. ते पैसे सरकारने चालू खर्चात घालणं म्हणजे किराणा भरायला शेत विकणं. माझ्या मते दहा टक्केही कमीच.

आणि बंदी आली की निसर्ग आपोआप सावरतो, या भ्रमात राहू नकोस. खाणी बंद होत्या तेव्हा खंदक काठोकाठ भरले आणि खालच्या वाड्यांना पावसाळाभर बांध फुटण्याची धास्ती. खाण चालू असताना निदान पंप तरी चालतो.

तेव्हा रुजू झाल्यावर खाण बंद करण्याचा आराखडा आधी मागून घे. लीज संपल्यावर तो पंप कोण चालवणार, विजेचं बिल कोण भरणार आणि त्यासाठी पैसे आज कुठे ठेवलेत, हे त्यात लिहिलंय का बघ. नसेल तर तसं लेखी कळव आणि पोच घे. जनसुनावणीला लोक हेच विचारतील.

तुझा,
काका