राजकन्येला तलवार देण्याआधी

बाय, तुझी गोष्ट दोनदा वाचली. राजकन्येच्या हाती तलवार दिलीस, पण बाकी कथा जुनीच राहिली. तू एकच बघ : ऐनवेळी सोडवायला कोण येतं? फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या 'निळ्या दाढीवाल्या'त नवरा चावी देतो पण एक खोली उघडू नको म्हणतो, बायको उघडते तर आत आधीच्या बायकांची प्रेतं; तो तिला मारायला उठतो तेव्हा तिचे भाऊ धावून येतात, आणि वर तात्पर्य काय, तर बायकांनी नसती चौकशी करू नये! इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने 1979 मध्ये तीच कथा लिहिताना भावांच्या जागी मुलीची आई आणली, घोड्यावरून, हातात पिस्तूल. एवढ्या एका बदलाने नवरा, चावी, बंद खोली, सगळ्यांचे अर्थ फिरले.

आणि तुझ्या गोष्टीतला तो बर्फातला किल्ला काढून टाक गो. आपल्या गोव्यातलं, फोंड्याकडचं जुनं चौकाचं घर घे. आषाढात भिंतींना बुरशी, शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणारा तो दुधाळ उजेड. माजघरापलीकडची बाळंतिणीची काळोखी खोली आठव, तिथे कोण कोण गेलं ते घरात कुणी बोलत नाही. भूत दाखवायची घाई नको. (देवचार तर नकोच, तो बिचारा गावाचा राखणदार.) चावीवरचा रक्ताचा डाग घासूनही जात नाही, पेरोची ती जागा मात्र ठेव. फक्त घासणारी कोण, ते ठरवून पुढचा खर्डा पाठव.