नॉइज किती घातलाय ते आधी लेखी मागा, पी व्हॅल्यू नंतर

ऐरोलीच्या दवाखान्यांवरची तुमची पोस्ट वाचली. थिसिससाठी तुम्हाला नॉइज घातलेला (पेशंटची ओळख लपवायला आकडे मुद्दाम रँडम हलवलेला) टेबल मिळाला, नेहमीसारखी काय-स्क्वेअर (दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी चाचणी) लावली आणि जिथे काहीच संबंध नसावा तिथेही पी व्हॅल्यू ०.००३, म्हणजे संबंध असल्यासारखं दिसलं. ठाण्यात माझ्याही पुढ्यात अगदी हेच आलं होतं.

कारण साधं आहे, पुस्तकातला कटऑफ (ज्याच्या वर गेलं की संबंध आहे म्हणायचं तो आकडा) फक्त सॅम्पलिंगचा चढउतार धरतो, वरून घातलेला नॉइज त्याच्या हिशोबातच नसतो. समजा ४०० पेशंट, दोन बाय दोनचा टेबल, खान्यात शंभरेक. सॅम्पलिंगचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८-९. आता एप्सिलॉन (प्रायव्हसीचं माप, जितका लहान तितका नॉइज जास्त) ०.१ असेल तर नुसत्या लाप्लास नॉइजचंच (या कामी नेहमी वापरतात तो प्रकार) १४ येतं (एक माणूस यादीत आहे किंवा नाही, एवढाच फरक धरून). तेच एप्सिलॉन १ असेल तर १.४, मग फारसं बिघडत नाही. म्हणून एप्सिलॉन कळेपर्यंत त्या ०.००३ ला काही अर्थ नाही.

माझं घोडं अडलं ते इथेच. ज्या ऑफिसकडून डेटा यायचा (नाव घेत नाही) तिथे एप्सिलॉन कधीही विचारा, "ते गोपनीय आहे". अहो, ड्वर्क वगैरे संशोधक मंडळींनी २००६ साली डिफरन्शियल प्रायव्हसीची (एखादा माणूस यादीत आहे की नाही हे निकालावरून फारसं कळू नये अशी गॅरंटी) व्याख्या मांडली ती अशीच आहे की पद्धत, एप्सिलॉन सगळं जाहीर केलं तरी गॅरंटी टिकते, लपवायचे ते फक्त त्या वेळी पडलेले रँडम आकडे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेनेही एप्सिलॉन जाहीर केला, आणि आपल्याकडचा क्लार्क म्हणतो साहेबांची परवानगी आणा! वर तेच ऑफिस प्रत्येक अर्जाला तोच टेबल नवा नॉइज घालून द्यायचं, म्हणजे कोणी चार अर्ज टाकून सरासरी काढली की नॉइज निम्मा आणि प्रायव्हसीही सैल. निगेटिव्ह आकडे गुपचूप शून्य करायचे ते वेगळंच, त्याने प्रायव्हसी जात नाही पण लहान खाने फुगतात.

आकडा मिळाला की सिम्युलेशन करा. संबंध नाही असं धरून आर या सॉफ्टवेअरमध्ये टेबल बनवा, तेवढाच नॉइज घाला, निगेटिव्हचं त्यांनी जे केलं तेच करा, काय-स्क्वेअरचा आकडा काढा, असं हजारो वेळा, आणि त्यातून ९५ टक्क्यांचा कटऑफ. गाबोआर्डी, लिम, रॉजर्स, वधान यांचा २०१६ चा पेपर यावरच आहे. पॉवर (खरा संबंध असेल तर तो पकडण्याची ताकद) पडते, माझ्या मते छोट्या सॅम्पलवर हा उद्योग करूच नये, पण तुमचे गाइड काय म्हणतात ते बघा. २०२३ च्या डेटा कायद्याचं मला विचारू नका, मी वकील नाही.

आणि ईमेलवरच मागा, फोनवर सांगितलेला एप्सिलॉन थिसिसमध्ये लिहिता येत नाही.