दहा माणसांची अंत्ययात्रा आणि ऐंशी पानांची पंगत

साथीच्या काळातल्या कायद्यांवर लिहिताना मागच्या वेळी आयर्लंडमधल्या ‘गोल्फगेट’चा, म्हणजे निर्बंध असताना राजकारण्यांनी गोल्फनंतर घेतलेल्या मोठ्या जेवणाच्या प्रकरणाचा, मी एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की आजचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. मी डब्लिनमध्ये सार्वजनिक कायदा शिकवते आणि तो सगळा काळ तिथेच काढला. त्यामुळे उत्तरांत थोडं कायद्याचं आहे आणि थोडं डोळ्यांनी पाहिलेलंही आहे.

प्रश्न : एका जेवणावरून मंत्री गेला, युरोपचा आयुक्त गेला. आपल्याकडे साथ भरात असताना सभा झाल्या, थाटात लग्नं झाली, कुणाचं काही बिघडलं नाही. आयरिश लोक एवढे का पेटले? (नाशिकचे एक वाचक)

आधी घडलं काय ते सांगते. आयर्लंडच्या संसदेतल्या आजी-माजी सदस्यांची एक गोल्फ सोसायटी होती. तिला पन्नास वर्षं झाली म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागात दोन दिवस गोल्फ ठेवला होता. १९ ऑगस्टला रात्री क्लिफ्डन गावातल्या एका हॉटेलात सगळ्यांचं जेवण झालं. पंगतीला सुमारे ऐंशी माणसं होती. त्यात कृषिमंत्री डारा कॅलरी, युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त फिल होगन, सर्वोच्च न्यायालयाचे नवे न्यायाधीश शेमस वुल्फ, सेनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, उपसभापती जेरी बटिमर आणि इतर काही सेनेटर होते.

आदल्याच दिवशी, १८ ऑगस्टला, मंत्रिमंडळाने निर्बंध पुन्हा आवळले होते. बंदिस्त जागेतल्या कार्यक्रमांना सहा माणसं आणि उघड्यावर पंधरा, अशी ती घोषणा होती. कॅलरी त्याच मंत्रिमंडळात होते. ‘आयरिश एक्झामिनर’ने २० तारखेला बातमी फोडली आणि २१ ला सकाळी त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिपदावर त्यांना जेमतेम पाच आठवडे झाले होते. बटिमर यांनीही उपसभापतिपद सोडलं.

लोक का पेटले हे समजायला मात्र त्या वसंत ऋतूत जावं लागतं. २७ मार्च २०२० पासून व्यायामाला बाहेर पडायचं तरी घरापासून दोन किलोमीटरच्या आत, असा नियम होता. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नव्हतं. वृद्धाश्रमांची दारं नातेवाइकांना बंद होती आणि देशातले कोविडचे निम्म्याहून अधिक मृत्यू त्या दारांआडच होत होते. अंत्यविधीला दहा माणसं.

हा दहाचा आकडा आयरिश माणसाला किती लागला, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे कुणी गेलं की अख्खं गाव येतं. पार्थिव घरी ठेवतात, रात्रभर चहा आणि सँडविच चालू असतात. ओळख असो-नसो, माणसं रांगेने येऊन घरच्यांचा हात हातात घेतात आणि हळूच दोन शब्द बोलतात. आपल्याकडे दारावर जायला जसं आमंत्रण लागत नाही, अगदी तसंच.

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतली एक आजी गेली. शववाहिका गल्लीत शिरली आणि त्यांच्या फाटकापाशी मिनिटभर थांबली. आम्ही सगळे आपापल्या फाटकात उभे होतो, दोन-दोन मीटरवर. मागच्या गाडीत आजोबा बसले होते. समोरच्या घरातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस सवयीने दोन पावलं पुढे आला, हात पुढे केला, आणि आठवल्यावर तसाच मागे घेतला. आजोबांनी काचेला आतून तळवा टेकवला. गाडी निघून गेली तरी बराच वेळ कुणी आत गेलं नाही.

असा एखादा तरी प्रसंग आयर्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ऑगस्टपर्यंत पन्नास लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या त्या देशात सतराशेहून अधिक माणसं कोविडने गेली होती. निव्वळ दारू विकणारे पब मार्चपासून कुलूपबंद होते. उघडायचं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला निदान नऊ युरोचं जेवण वाढायची अट होती. अशात क्लिफ्डनची बातमी आली. पंगतीला कोण बसलं यापेक्षा ‘आम्ही आमच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, तो कुणाच्या सांगण्यावरून?’ हा प्रश्न लोकांच्या मनात उसळला. राग दुःखातून आला होता, म्हणून तो इतका खोल होता. आपल्याकडे कुणाचं काही बिघडलं नाही असं तुम्ही म्हणता, पण घरोघरी बिघडलं होतं. त्याचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही.

प्रश्न : पुढे कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं असं वाचलं. मग ती नुसती झोडपाझोडपीच ठरली ना? (पुण्यातील एक वकील)

वकीलसाहेब, प्रश्न रास्त आहे. खटला चौघांवर झाला : अपक्ष खासदार नोएल ग्रीलिश, माजी सेनेटर डोनी कॅसिडी आणि हॉटेलचे दोघे चालक. आरोप पन्नासच्या मर्यादेपेक्षा मोठा कार्यक्रम आयोजित केल्याचा होता. सहाची घोषणा आदल्या दिवशी झाली होती, पण कायद्यात तेव्हाही मर्यादा पन्नासचीच होती. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी गॉलवेच्या जिल्हा न्यायालयाने चौघांवरचे आरोप फेटाळले. मधे पार्टिशन घालून दोन भागांत बसवलं होतं, हॉटेल व्यवसायाला मिळालेल्या सूचना पाळायचा आयोजकांनी मनापासून प्रयत्न केला होता, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. माझ्या मते निकाल बरोबर आहे. फौजदारी कायद्यात शंकेचा फायदा आरोपीलाच मिळायला हवा, मग तो खासदार असला तरी.

पण त्या निकालाने लोकांचा राग खोटा ठरत नाही. साथीत आयर्लंड दोन गोष्टींवर चाललं होतं. एक म्हणजे विनियम. ते मोडले तर दंड किंवा तुरुंग. दुसरी म्हणजे मार्गदर्शक सूचना. त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. टीव्हीवरून सांगताना सरकारने या दोहोंतला फरक कधी नीट उलगडून दाखवला नाही. एकाच गंभीर आवाजात सगळं सांगितलं गेलं आणि लोकांनी सगळंच पाळलं. नातवंडाला काचेआडून बघणाऱ्या आजीने ‘हा नियम आहे की नुसता सल्ला?’ असं विचारलं नाही. हा बारकावा बाहेर आला तो मोठ्या माणसांच्या बचावात. पार्टिशन, खोल्यांची संख्या, घोषणा झाली पण कायदा कुठे बदलला होता, असे मुद्दे पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडले ते तेव्हा. ज्या पळवाटेचा पत्ता सामान्य माणसाला कधी दिलाच नाही, तिचा आधार पत्ता ठाऊक असणाऱ्यांनी घेतला. मला यातलं हेच सगळ्यात जास्त बोचतं. गुन्हा झाला नाही हे कोर्ट सांगू शकतं. शब्द पाळला का, हे ठरवायला कोर्ट बसवलेलं नसतं.

प्रश्न : होगन यांची तर टेस्ट निगेटिव्ह होती. मग त्यांना का जावं लागलं? आणि त्यांना काढलं कुणी? (बेळगावची एक विद्यार्थिनी)

होगन ३१ जुलैला ब्रसेल्सहून आयर्लंडला आले. बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस शक्यतो घरातच राहायचं, अशी तेव्हा सूचना होती. ५ ऑगस्टला त्यांची टेस्ट निगेटिव्ह आली आणि आपली बंधनं तिथे संपली असं त्यांनी धरलं. आरोग्य खात्याची सूचना तशी नव्हती. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून चौदा दिवस कमी होत नव्हते. त्यात किल्डेअर परगण्यात स्थानिक टाळेबंदी असताना ते तिथे जाऊन आले. गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होते म्हणून तिथे त्यांना पोलिसांनी अडवलंही होतं.

खरं नुकसान झालं ते खुलासे हप्त्याहप्त्याने आल्यामुळे. आधी एक निवेदन, मग दुसरी माफी, मग मुलाखत, मग प्रवासाचा तपशील. दर वेळी नवं काहीतरी निघायचं. पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं तर कदाचित ते तरले असते, असं मला आजही वाटतं.

त्यांना कुणी काढलं नाही, त्यांनी २६ ऑगस्टला राजीनामा दिला. आयुक्ताचं नाव त्याचा देश सुचवतो, पण एकदा नेमणूक झाली की तो देश त्याला परत बोलावू शकत नाही. राजीनामा मागायचा अधिकार युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अध्यक्षांचा. म्हणून डब्लिनहून पंतप्रधान मिहॉल मार्टिन आणि उपपंतप्रधान लिओ वराडकर यांनी ‘आपल्या पदाचा विचार करा’ एवढंच म्हटलं आणि सगळ्यांचे डोळे आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांच्याकडे लागले. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापाराच्या वाटाघाटी ऐन भरात होत्या. अशा वेळी आयर्लंडने व्यापारखातं गमावलं, आणि पुढच्या आयरिश आयुक्तांकडे ते परत आलं नाही.

प्रश्न : वराडकर आपल्या मालवणकडचे. ते या सगळ्यात स्वच्छ राहिले का? (कुडाळचे एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, वडिलांकडून ते मालवण तालुक्यातल्या वराडचे, आणि पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये ते गावी येऊनही गेले. तुमच्या प्रश्नातली माया मला कळते, म्हणून उत्तर सरळ देते.

क्लिफ्डनच्या जेवणाला ते नव्हते. मार्च २०२० मध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी करून आठवड्यातून एकदा काम सुरू केलं, ते लोकांना मनापासून भावलं होतं. पण मे महिन्यात फिनिक्स पार्कमध्ये मित्रांबरोबर गवतावर बसलेला त्यांचा फोटो आला. चार माणसं, उघड्यावर, म्हणजे नियमात बसणारं. अडचण एवढीच की काही दिवसांपूर्वी त्यांच्याच कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी लोकांना ‘सहली काढू नका, फिरून झालं की घरी जा’ असं सांगितलं होतं.

जुलै २०२१ मधलं प्रकरण मला जास्त खटकतं. माजी मंत्री कॅथरीन झॅपोन यांनी डब्लिनच्या मेरियन हॉटेलच्या आवारात पन्नासेक जणांची पार्टी दिली, तिला वराडकर गेले होते. उघड्यावर दोनशेपर्यंत माणसं चालतात, असा महाधिवक्त्यांचा सल्ला पुढे आला. त्याच उन्हाळ्यात मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे कॅथलिक धर्मविधीचे, सोहळे पुढे ढकला, असं सरकार आईबापांना सांगत होतं. एका मुलीचा पांढरा झगा दोन वर्षं कपाटात लटकतोय आणि हॉटेलच्या बागेत पन्नास माणसं जमतात, हे त्या मुलीला कसं समजावून सांगायचं? सरकारने झॅपोन यांना देऊ केलेलं विशेष दूतपद शेवटी त्यांनी घेतलं नाही. वराडकरांनी खेद व्यक्त केला. त्यांनी नियम मोडला असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्यांना जेवढं आवरायला सांगितलं, तेवढं स्वतः आवरलं नाही, हे मात्र म्हणेन.

प्रश्न : न्यायाधीश वुल्फ यांचं काय झालं?

ते पदावर राहिले. माजी सरन्यायाधीश सुझन डेनम यांनी चौकशी केली. वुल्फ यांनी जेवणाला जायला नको होतं, पण त्यासाठी राजीनामा मागणं अन्यायाचं आणि अतिरेकी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. नोव्हेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश फ्रँक क्लार्क यांनी मात्र ‘माझ्या मते तुम्ही जावं’ असं पत्राने कळवलं. वुल्फ यांनी नकार दिला. न्यायाधीशाला हटवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांचा ठराव लागतो आणि कारण तेवढंच मोठं लागतं. तसा ठराव मंजूर झाला नाही, तेही बरंच झालं. जनक्षोभावर न्यायाधीश हटवायची सवय एकदा लागली की ती पुढे कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही.

प्रश्न : उत्तर आयर्लंडमध्येही एका अंत्ययात्रेवरून वाद झाला होता ना?

हो, पण ते ब्रिटनच्या ताब्यातलं, म्हणजे राज्य वेगळं, कायदा वेगळा. जून २०२० मध्ये बेलफास्टला आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचे, म्हणजे रिपब्लिकन, नेते बॉबी स्टोरी यांच्या अंत्ययात्रेला मोठा जमाव लोटला. उपप्रथममंत्री मिशेल ओ’नील त्यात होत्या. नियमच इतक्या वेळा बदलले होते की ते धड स्पष्ट नव्हते, शिवाय आयोजकांचं पोलिसांशी आधी बोलणं झालं होतं, या कारणांनी मार्च २०२१ मध्ये खटले न भरण्याचा निर्णय झाला. इथे लोकांना जास्त लागलं, कारण हा प्रसंग अंत्ययात्रेचाच होता. स्वतःच्या आईला मोजक्या माणसांत निरोप दिलेल्यांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं.

प्रश्न : ऑगस्ट २०२० मध्ये माझे बाबा सांगलीला गेले. मी कॉर्कमध्ये परिचारिका आहे. विमानं नव्हती, रजा नव्हती. भावाने मोबाइल धरला आणि मी वॉर्डच्या जिन्यात बसून अग्नी पाहिला. त्याच आठवड्यात ही बातमी आली. आता तेच लोक पुन्हा मंत्री झालेत. माझा राग अजून जात नाही. हे चुकतंय का?

ताई, नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. कॅलरी २०२२ मध्ये राज्यमंत्री झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅबिनेटमध्ये परतले. ग्रीलिशही तेव्हाच राज्यमंत्री झाले. दोघांनाही त्यांच्या मतदारांनी २०२४ मध्ये निवडून दिलं, तो त्यांचा हक्क. कॅलरी यांनी चोवीस तासांच्या आत चूक मान्य करून पद सोडलं होतं, हेही माझ्या मनात त्यांच्या बाजूने नोंदलेलं आहे. पण मतदारांनी माफ केलं म्हणून तुम्हीही करायला हवं, असं कुठे लिहिलेलं नाही.

आयरिश सरकारने साथीच्या हाताळणीचा आढावा घ्यायला प्रा. अ‍ॅन स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. साक्षीदाराला बोलावून शपथेवर उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार तिला दिलेला नाही. तो द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी ते तिथेही मांडत आले आहे. तुमच्यासारख्या माणसांची जिन्यातली ती पंधरा मिनिटं कुठल्यातरी अधिकृत कागदावर यायला हवीत.

मार्चमध्ये त्या आजोबांच्या घरी मी जाऊन आले. पाच वर्षं होत आली होती. समोरच्या घरातला तो माणूस आधीच येऊन बसला होता. त्याने आजोबांचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि चहा गार होईपर्यंत दोघांपैकी कुणी तो सोडवला नाही.