विषुववृत्त ओलांडून हवा एका गोलार्धातून दुसऱ्यात जाते का, की मध्येच अडते?

जाते. दरवर्षी जाते. "विषुववृत्तावर शांत पट्टा असतो, हवा तिथूनच वर उचलली जाते, पलीकडे जात नाही" असं काही जण सांगतात ना, तेच आमचे भावोजी दर गणपतीत ऐकवतात, म्हणून लिहायला बसलो.

मी मर्चंट नेव्हीत. थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी) असताना जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदरातून कोळसा भरून गुजरातला यायचो. प्रत्येक वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, वाऱ्याची दिशा आणि फोर्स (जोराचा आकडा) लॉगबुकात लिहावाच लागतो. मादागास्करच्या वर आलं की वारा आग्नेयेचा, स्टारबोर्डवरून म्हणजे जहाजाच्या उजव्या बाजूने, ब्रिजच्या त्या विंगवर उभं राहायचं तर टोपी हातात धरायची. मग शून्य अक्षांश जवळ येतो तसा तोच वारा हळूहळू मागे सरकत दक्षिणेचा होतो, थांबत-बिंबत काही नाही, आणि अजून वर गेलं की नैर्ऋत्येचा होऊन पाठीमागून लागतो, सोमालियाजवळच्या सोकोत्रा बेटाच्या बाजूला फोर्स ७-८, डेकवर जायला बंदी. शांत पट्टा कुठाय?

हा वारा निघतो मादागास्करच्या आग्नेयेला असलेल्या मास्करीन हायमधून, म्हणजे जास्त दाबाच्या पट्ट्यातून, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासून केनिया-सोमालियाजवळ वर येतो, सगळ्यात जोर एक-दीड किलोमीटर उंचीवर. फाइंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच हे मांडलंय. भावोजींचं आपलं एकच, जमीन तापली, अरबी समुद्राची हवा आली, झाला मान्सून. अहो, जमीन तापते हे खरंच, पण आपल्या पावसातलं बरंचसं पाणी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येतं, त्याचं काय?

उत्तरेला आलेली हवा इथेच साठत नाही, उंच चढून १४-१५ किलोमीटरवरून परत दक्षिणेला जाते, भारतावरून पूर्वेचा जेट (उंचावरचा वेगवान वारा) वाहतो तो त्याच भागात, हवामानशास्त्रज्ञ कोटेश्वरम यांनी दाखवलेला. आणि गंमत म्हणजे जुलैत खालचा वारा उत्तरेला धावत असतो तरी कोरड्या हवेचं वजन दक्षिण गोलार्धात जास्त असतं, जानेवारीत उत्तरेत. हिवाळा जिकडे, वजन तिकडे. इथे भावोजी चहा मागवतात.

आता हेही सांगतो, सगळीकडे असं नाही. पॅसिफिक-अटलांटिकच्या मधोमध दोन्हीकडचे वारे खरंच भिडतात आणि हवा वर जाते, त्यामुळे दोन गोलार्धांची हवा नीट मिसळायला साधारण वर्ष लागतं. कार्बन डायऑक्साइड सोडला जातो तो जास्त करून उत्तरेत, आणि मिसळायला असा वेळ लागतो म्हणून तिकडे तो जरा जास्त सापडतो.

जुलैत विंडी (वाऱ्यांचा नकाशा दाखवणारं ॲप) उघडून सोमालियाचा किनारा बघा, कुणाला विचारायची गरज नाही. परीक्षेसाठी हवं असेल तर फेरेलचा नियम (वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे वळतो) लिहून मोकळे व्हा.