पोलिसांनी फोन नेला, कागद दिला नाही

प्रश्न : आमचा केळीचा व्यापार आहे. माल भरायला येणाऱ्या एका ट्रकचालकावर गुन्हा दाखल झाला. त्याला माझ्या फोनवरून कॉल गेले होते म्हणून दोन पोलीस आले, फोन घेऊन गेले, पॅटर्नही विचारून घेतला. वॉरंट नाही, पावती नाही. नव्या कायद्यात हे चालतं का? बागायतदारांचा सगळा हिशेब त्यातच आहे.
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी कडू ते सांगतो. जप्तीला दर वेळी वॉरंट लागतंच असं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 106 खाली संशयास्पद वस्तू पोलीस वॉरंटशिवाय जप्त करू शकतात. जुन्या कायद्यातही हे होतंच. नवं एवढंच, की लेखी आदेश काढून मोबाइलही मागवता येतो, हे कलम 94 मध्ये आता स्पष्ट आलं.

पण कलम 105 तुमच्या बाजूचं आहे. जप्ती, वस्तूंची यादी, त्यावर साक्षीदारांच्या सह्या, या सगळ्याचं चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. तुमच्या गोदामात कोणी शूटिंग केलं? पंच कोण होते? ठाण्यात लेखी अर्ज द्या : गुन्हा रजिस्टर नंबर काय, जप्ती कोणत्या कलमाखाली, पंचनाम्याची नक्कल द्या. पॅटर्न घेतला तेही लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. अंमलदार टाळाटाळ करू लागला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

मग कोर्टात कलम 503 खाली मुद्देमाल परतीचा अर्ज. फोनचं बिल आणि आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) जोडा. कोर्ट बंधपत्रावर, म्हणजे मागाल तेव्हा फोन हजर करीन अशा लेखी हमीवर, फोन देऊ शकतं. तपासाला डेटा हवाच असेल तर त्याची प्रत काढून फोन परत द्या, अशी मागणी वकिलामार्फत करा.

माझं मत विचाराल तर कायद्याने पोलिसांचा हात फोनपर्यंत पोहोचवला, पण आत कुठवर जायचं ते लिहिलंच नाही. कॉलची यादी मोबाइल कंपनीकडूनही मिळते. तेवढ्यासाठी घरच्यांचे फोटो नि उधारीच्या वह्या कशाला चाळायच्या? सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. फोन उघडण्याआधी मॅजिस्ट्रेटची परवानगी, एवढी एक ओळ संहितेत घालायला हवी होती.

आणि हो, त्याच नंबरचं नवं सिम काढण्याआधी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. नाहीतर पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा आळ तुमच्यावरच यायचा.